शाळिग्रामाचे प्राण

१९७० साली सिडकोची स्थापना होऊन ठाण्याच्या खाडीच्या पूर्वकाठावर नवे नगर वसविण्यास आरंभ झाला, तेव्हापासून घाटावरून, कोकणातून, गोव्याहून आणि मुंबईच्या चाळींतून जी कुटुंबे येथे बिऱ्हाड घेऊन आली, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या सामानात तांब्याच्या संपुष्टात किंवा जुन्या रेशमी वस्त्रात जपून ठेवलेले एक पंचायतन होते. आणि नेरूळला, बेलापूरला, वाशीला, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातील लहानशा देव्हाऱ्यात ते आजही मांडलेले दिसते. विष्णू म्हणून गंडकीचा शाळिग्राम, शिव म्हणून नर्मदेतील बाण, गणपती म्हणून शोण नदीतील तांबडा पाषाण, सूर्य म्हणून स्फटिक आणि देवी म्हणून सुवर्णमुखीतील धातुमय खडा, असे हे पाच दगड होत. मूर्तिकाराची छिन्नी यांपैकी एकालाही लागलेली नसते; नद्यांनी घडविले तसेच ते पूजेला बसतात. परंतु या पाचांत एक भेद आहे आणि तो मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो. चौघे प्रथमपासून खनिजेच होती. पाचव्याच्या ठिकाणी मात्र कोणे एके काळी एक जीव होता, जो खात होता, पोहत होता, भीत होता आणि मेला.

शाळिग्राम हा ॲमोनाइट या वर्गातील समुद्रचराचा जीवाश्म आहे, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ते कळल्यावर श्रद्धावान मनाने काय करावे, या प्रश्नाची उत्तरे मात्र दोन टोकांना जाऊन बसलेली आढळतात. काही जण म्हणतात की, ज्याला पिढ्यानपिढ्या विष्णू मानून तुळशीपत्र वाहिले तो एका मृत शंखाचा ठसा निघाला, तेव्हा ही वहिवाट आता बंद झालेली बरी. दुसरे काही जण म्हणतात की, आमच्या ऋषींना हे सारे आधीच अवगत होते. वज्रकीट नावाचा किडा शिळा कोरून तिच्यात चक्र निर्माण करतो, असे पुराणांत सांगितले आहे, हाच त्याचा दाखला. मला या दोन्ही उत्तरांत विचाराचा आळस दिसतो. पुराणकाराने कीटकाचा आणि शिळेचा संबंध जोडला, ही त्याच्या निरीक्षणाची साक्ष खरीच. पण त्या एका कथेवर आधुनिक जीवाश्मशास्त्राची मालकी सांगणे हे पुराणावरचे प्रेम नव्हे. आणि जे पूजा सोडा म्हणतात, त्यांनी त्या दगडाकडे पुरेसे पाहिलेलेच नसते.

आमच्या घरातला शाळिग्राम काळाभोर, दीड-पावणेदोन इंच व्यासाचा आणि आकाराच्या मानाने चांगलाच जड आहे. त्याच्या एका अंगाला करंगळीचे टोक जेमतेम जाईल एवढे द्वार आहे. अभिषेकानंतर त्यात पाणी साचून राहते, ते कापसाने टिपून घ्यावे लागते. आणि बॅटरीचा झोत त्या द्वारातून आत सोडला, तर आतल्या भिंतीवर समान अंतराने उमटलेले, बाहेरच्या वेढ्यात रुंद आणि आत वळत जाताना निमुळते होत गेलेले बारीक कंगोरे दिसतात. हेच ते चक्र. चक्रांची संख्या, त्यांचे स्थान, द्वाराचा आकार आणि पाषाणाचा वर्ण यांवरून शाळिग्रामाला लक्ष्मीनारायण, दामोदर, नृसिंह अशी नावे देण्याचा शास्त्रग्रंथांचा शिरस्ता आहे; आणि जीवाश्मशास्त्रज्ञही याच कंगोऱ्यांच्या ठेवणीवरून त्या प्राण्याची जात ठरवितो. दोघांचेही बोट नेमके एकाच ठिकाणी टेकते, हे मला लहानसहान गोष्टीसारखे वाटत नाही. इतक्या बारकाईने पाहण्याची सवय ज्या पूजेने लावली, तिला आंधळी म्हणणे न्यायाचे होणार नाही.

हा प्राणी आजच्या माकुळाचा आणि अष्टपादाचा दूरचा भाऊबंद. दिवाळे गावच्या कोळणीच्या पाटीत जे माकूळ दिसते त्याचे मऊ शरीर डोळ्यांसमोर आणावे आणि ते एका चक्राकार शंखाच्या शेवटच्या दालनात बसले आहे अशी कल्पना करावी, म्हणजे ॲमोनाइटचे रूप पुष्कळसे ध्यानी येते. वाढता वाढता तो शंखात मागे पडदे घालीत जाई, मागची दालने रिकामी करून त्यांत वायू भरी आणि त्या आधाराने पाण्यात तरंगे. सुमारे १४ ते १६ कोटी वर्षांपूर्वी, ज्या टेथिस नामक समुद्रात तो राहत होता त्याच्या तळाशी काळा, प्राणवायूला पारखा झालेला चिखल साचत असे. मेल्यावर शंख त्या चिखलात जाऊन रुतला. मऊ देह कुजला, आणि येथेच या साऱ्या वृत्तान्तातील सर्वांत विलक्षण गोष्ट घडली. कुजण्याच्या क्रियेने सभोवारच्या चिखलाचे रसायन पालटले; त्या पालटामुळे पाण्यात विरघळलेली चुन्याची आणि लोहाची द्रव्ये नेमकी त्या शंखाभोवती साकळू लागली; आणि वरचा गाळ वाढत जाऊन त्याच्या भाराने बाकीचा चिखल चेपून पत्रीसारखा होण्याच्या आधीच शंखाभोवती एक कठीण गोळा तयार झाला. म्हणूनच आतला वेढा चपटा झाला नाही. पुढे शंखाचे मूळ द्रव्य बहुधा विरघळून गेले आणि गोळ्याच्या पोटात त्याचा ठसा उरला. काही शाळिग्रामांत सोन्याची रेघ दिसते, ती लोह आणि गंधक यांच्या संयोगाने झालेल्या माक्षिकाची असते. त्यालाही कुजण्यावर जगणारे सूक्ष्म जंतूच कारण होत. ज्या नाशाने देह नेला त्याच नाशाने देहाच्या आकाराला कवच दिले. सृष्टी, स्थिती आणि लय ही तीन कार्ये तीन देवतांकडे वाटून देणाऱ्या आपल्या परंपरेने या एका गोळ्यात लयच स्थितीचे काम करताना पाहावा, यावर मी अनेकदा विचार करीत बसतो.

असे भाग्य अर्थातच फार थोड्यांच्या वाट्याला येते. जे मरते त्यातले बहुतेक सारे खाल्ले जाते, कुजते, विरघळते आणि त्याची कोणत्याही दप्तरात नोंद राहत नाही. झटपट पुरले जाणे, हवेशी संबंध तुटणे, योग्य ते खनिजयुक्त पाणी झिरपणे आणि पुढील कोट्यवधी वर्षे तो थर भट्टीत न वितळणे, या सगळ्या अटी एकत्र याव्या लागतात.

आपण नवी मुंबईकर ज्या जमिनीवर राहतो ती या शेवटच्या अटीची उलट बाजू आहे. पारसिकच्या डोंगराच्या खाणींत जो काळा दगड फोडला गेला, खारघरला पांडवकड्यावरून पावसाळ्यात पाणी ज्या कातळावर कोसळते, विमानतळासाठी उलव्याची टेकडी छाटली तेव्हा सुरुंगांनी जो उडविला, तो सारा लाव्हारसाचा थिजलेला बेसाल्ट. दक्षिणेच्या पठारावर या लाव्ह्याचा मुख्य लोट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. तापलेल्या रसात जीवाश्म कसला राहणार? मात्र दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, त्यांत गाळ बसला, आणि त्या गाळाच्या थरांत काही जीव टिकले. खाडीपलीकडे वरळीच्या टेकडीत अशाच थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले. रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञांनी १८४७ साली त्यांचे वर्णन केले.

आता पुढील योग पाहावा. ॲमोनाइटांचा वंश तीस कोटींहून अधिक वर्षे समुद्रात नांदला आणि त्याचा अखेरचा उच्छेद झाला तो याच साडेसहा कोटी वर्षांच्या सुमारास. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर येऊन आदळलेली अशनी त्याला अधिक कारण झाली, की दख्खनच्या ज्वालामुखींनी वातावरणात सोडलेल्या वायूंचाही त्यात मोठा वाटा होता, याविषयी विद्वानांचा वाद चालू आहे. पण दोन्ही घटना एकाच काळाच्या, याबद्दल वाद नाही. तेव्हा बेलापूरच्या एखाद्या इमारतीत जी व्यक्ती सकाळी शाळिग्रामाला स्नान घालते, तिच्या इमारतीचा पाया ज्या कातळात आहे तो त्या देवाच्या कुळाच्या अस्ताचा साक्षीदार आहे, आणि कदाचित त्यातला एक आरोपीही. एवढ्यावर हे थांबत नाही. तो ॲमोनाइट राहत होता तो समुद्र भारतभूमीच्याच उत्तर काठाला लागून होता. ती भूमी दक्षिण गोलार्धातील महाखंडातून सुटली, उत्तरेकडे सरकू लागली, वाटेत भूगर्भातील तप्त स्थानावरून जाताना तिच्या पाठीवर आमचा बेसाल्ट ओतला गेला, आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी ती आशियाला भिडू लागल्यावर टेथिसचा तळ हिमालय होऊन वर उचलला गेला. मुक्तिनाथाजवळ, हिमालयाच्या उंच प्रदेशात, काली गंडकी तो काळा खडक पोखरते आणि आतले गोळे घोळून घोळून गुळगुळीत करते. देव्हाऱ्यातला दगड आणि देव्हाऱ्याखालचा दगड हे एकाच प्रवासाचे दोन मुक्काम होत.

ज्यात मूळ शरीराचा एक कणही शिल्लक नाही, त्याला त्या प्राण्याचे अवशेष म्हणावे काय, ही शंका तत्त्वचिंतकाला येथे आल्यावाचून राहत नाही. मला वाटते, या शंकेसाठी आपल्याकडे जेवढी तयार हत्यारे आहेत तेवढी क्वचितच कोठे असतील. कच्चे मडके भट्टीत जाऊन काळ्याचे तांबडे होते तेव्हा नेमके काय घडते, यावर वैशेषिक आणि नैयायिक यांनी शतकानुशतके वाद घातला. वैशेषिकांचा पीलुपाकवाद असा की, अग्नीच्या आघाताने मडके परमाणूंपर्यंत सुटे होते, परमाणूंचा रंग पालटतो आणि ते पुन्हा जुळून नवेच मडके उभे राहते. हे इतक्या त्वरेने घडते की पाहणाऱ्याला तेच मडके भासावे. नैयायिकांचा पिठरपाकवाद असा की, मडके अखंडच राहते. अग्नी त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून शिरून आहे त्या जागीच रंग बदलतो. जीवाश्म होण्याच्या ज्या रीती शास्त्रज्ञ सांगतात त्यांत या दोन्ही मतांना जागा मिळते. कित्येक हाडांत आणि लाकडांत मूळ द्रव्य पुष्कळसे तसेच राहून केवळ त्याच्या छिद्रांत गारेचे किंवा चुन्याचे पाणी शिरते व थिजते. नैयायिकाने हे पाहिले असते तर त्याला आपला पक्ष सिद्ध झालासा वाटला असता. उलट कित्येक ठिकाणी एक कण विरघळतो आणि त्याच जागी दुसऱ्या द्रव्याचा कण बसतो, जसा देवळाच्या जीर्णोद्धारात पाथरवट एकेक झिजलेला चिरा काढून त्याच जागी त्याच मापाचा नवा चिरा बसवितो. आणि अखेर जुना एकही चिरा न उरता देऊळ मात्र तेच राहते. भक्त त्या देवळाला नवे म्हणत नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे असे मी मानतो.

शाळिग्रामाची गोष्ट याहूनही सूक्ष्म आहे, कारण त्याच्या द्वारातून जे दिसते ते बहुधा शंखाच्या जागी आलेले द्रव्य नसून शंख जेथे होता तेथली पोकळी असते. एखाद्या वस्तूचे नसणे हाही एक पदार्थ आहे, असे प्रतिपादण्याचे धाडस न्याय-वैशेषिकांनी केले आणि अभावाला पदार्थांच्या पंक्तीत बसविले. त्यांच्या प्रध्वंसाभावाला, म्हणजे नाशानंतरच्या अभावाला, आरंभ असतो पण अंत नसतो. मडके फुटले त्या क्षणापासून त्याचे नसणे सुरू झाले. ते पुढे कधीही संपणार नाही. शाळिग्रामाच्या द्वारातून प्रकाश टाकला असता जे कंगोरे दिसतात तो असाच एक अभाव, पंधरा कोटी वर्षे वयाचा, आकार असलेला, हाताने चाचपता येणारा. नैयायिकांनी भूतलावर घट नाही हे उदाहरण घेऊन अभावाची चर्चा केली. त्यांच्या घरच्या देव्हाऱ्यात याहून कितीतरी प्रत्ययकारी उदाहरण रोज गंधाक्षतांनी पूजिले जात होते.

प्रवाळाची कथा वेगळ्या वाटेने जाते. शाळिग्रामाच्या शेजारी द्वारकेची चक्रांकित शिळा ठेवावी, दोघांच्या संगमाचे पुण्य मोठे, असे पुराणे सांगतात. आणि ही पांढुरकी शिळा म्हणजे बहुतांशी प्रवाळाचा दगड होय. तिच्यावरील चक्राचे आरे म्हणजे ज्या इवल्याशा वाटीत प्रवाळाचा पॉलिप बसत असे तिच्यातील उभे, मध्याकडे वळलेले पडदे. पॉलिप आपल्या पायाखाली चुन्याचा थर रचीत वर वर सरकतो. तो मरतो, त्याचे घर राहते, त्या घरावर पुढच्याचे घर उभे राहते. जिवंतपणीच त्याचा निम्मा कारभार दगडाचा असल्यामुळे जीवाश्म होण्यासाठी त्याला फारसे पालटावे लागत नाही. त्याच्या चुन्याचे अस्थिर स्फटिक पाण्याच्या संगतीने हळूहळू स्थिर स्फटिकांत बदलतात, रिकाम्या वाट्या चुन्याने भरतात, आणि कधी गारेचे द्रव्य त्याची जागा घेते. मग नाजूक पडदे कोठे स्पष्ट राहतात, कोठे पुसट होतात. जैन आगमांनी प्रवाळाची गणना पृथ्वीकाय जीवांत, म्हणजे ज्यांचे शरीर प्रत्यक्ष पृथ्वीच आहे अशा एकेंद्रियांत केली, आणि शंखाला मात्र द्वींद्रिय ठरविले. आधुनिक प्राणिशास्त्र प्रवाळाला प्राणी मानते, तेव्हा हे वर्गीकरण आज जसेच्या तसे मान्य होणार नाही. परंतु ज्याच्या बाबतीत देह कोठे संपतो आणि पाषाण कोठे सुरू होतो याची हद्द आखता येत नाही, अशा जीवासमोर त्या मुनींना पडलेला पेच खरा होता, आणि त्यांनी तो दयेच्या बाजूने सोडविला.

याच प्रवाळांनी काळाचा जो हिशेब ठेवला आहे तो कोणाही पंचांगकर्त्याने वाचावा असा आहे. काही प्रवाळांच्या अंगावर रोजच्या वाढीच्या सूक्ष्म रेषा आणि वर्षावर्षाचे ठळक पट्टे असतात. जॉन वेल्स या अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञाने १९६३ साली सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवरील या रेषा मोजल्या, तेव्हा एका वर्षात त्या ३६५ नव्हे, सुमारे ४०० भरल्या. पृथ्वी तेव्हा अधिक वेगाने फिरत होती, दिवस लहान होता. चंद्राच्या ओढीने उठणाऱ्या भरती-ओहोटीच्या घर्षणाने तिचा वेग मंदावत आला आहे. वाशीच्या पुलाखालून दिवसातून दोनदा चढणारे आणि उतरणारे पाणीही त्या कामात आपला सूक्ष्म वाटा उचलते.

पूजेच्या आरंभी जो संकल्प सोडला जातो त्यात यजमान प्रथम कल्प सांगतो, मग मन्वंतर, मग युग, मग संवत्सर, मास, तिथी असे उतरत उतरत आपल्या नावापर्यंत येतो. एका मन्वंतराची पौराणिक गणना तीस कोटी सदुसष्ट लक्षांहून अधिक वर्षांची. या आकड्यांचा भूविज्ञानाच्या आकड्यांशी मेळ बसवून दाखविण्याचा हव्यास मला नको वाटतो. त्यांचा उगम निराळा, प्रयोजन निराळे. मला मोलाचे वाटते ते एवढेच की, हातात पळी घेतलेल्या माणसाला स्वतःचे नाव उच्चारण्यापूर्वी कोट्यवधी वर्षांच्या ओळीत उभे केले जाते आणि त्यानंतर त्याच्या हाती दिला जातो तो दगड खरोखरच कोट्यवधी वर्षांचा असतो. संकल्पाचे शब्द आपण घाईने उरकतो. तो दगड कोणता हे ज्याला माहीत आहे, त्याने तरी ते सावकाश म्हणावेत.

जीवजातीच्या उच्छेदाची कल्पना युरोपात धर्मसंकट होऊन आली होती. ईश्वराने निर्मिलेली एखादी जात समूळ नाहीशी होऊ शकते, हे १७९६ साली क्युव्हिए या शास्त्रज्ञांनी हत्तींच्या अस्थींची तुलना करून दाखविले, तेव्हा कित्येक श्रद्धाळूंना तो ईश्वराच्या कारभारावरचा आक्षेप वाटला. तरीही श्रद्धा आणि खडक यांची सांगड घालणारी माणसे निघालीच. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप हे त्यांतले एक. स्कॉटलंडहून धर्मप्रचारासाठी आलेला हा मिशनरी आपला सहकारी रॉबर्ट हंटर याच्यासह नागपूरच्या भोवतालचे थर तपासीत हिंडला, टाकळीच्या गाळातून गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख, फळे आणि बिया गोळा करीत राहिला, आणि १८६३ साली पाण्यात बुडून मृत्यू पावेपर्यंत त्याने प्रवचन आणि हातोडा यांपैकी काहीच खाली ठेवले नाही. आपल्याकडे सृष्टी आणि प्रलय यांचे आवर्तन प्रथमपासूनच मान्य असल्यामुळे उच्छेदाच्या कल्पनेने कोणी दचकले नाही. परंतु आपल्या हिशेबातही एक अडचण आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. जीव चौऱ्यांशी लक्ष योनींतून फिरतो असे आपण म्हणतो. मग ॲमोनाइटाची योनीच बंद झाल्यावर तो आकडा कोठे उरला? कर्मवादी उत्तर देईल की, जीव योनीला बांधलेला नसतो, एक दार मिटले तर तो दुसऱ्या दाराने जाईल. हे उत्तर जीवापुरते ठीक आहे. पण त्या दाराचे काय? पाण्यात वायूच्या आधाराने तरंगत, चक्राकार घर पाठीवर वागवीत जगाचा अनुभव घेण्याची ॲमोनाइटाची स्वतःची अशी एक रीत होती, ती गेली. अनुभवाची ती तऱ्हा पुन्हा कोणाही जीवाला मिळणार नाही. आत्मा अमर असल्याने हानी होत नाही, असे म्हणून हा प्रश्न मिटविता येईल असे मला वाटत नाही. रूपे नश्वर आहेत हे खरे, पण नश्वर आहेत म्हणून ती क्षुल्लक ठरत नाहीत.

या विचाराने मी शाळिग्रामाच्या एका जुन्या नियमाकडे परत येतो. धातूची किंवा पाषाणाची मूर्ती घडविली की तिच्यात मंत्रांनी प्राणप्रतिष्ठा करावी लागते. शाळिग्रामाला आणि बाणाला ती लागत नाही. त्यांना आवाहन नाही, विसर्जनही नाही. विष्णू तेथे नित्य संनिहित आहे, हे धर्मशास्त्राने दिलेले कारण. मला त्या कारणाचा विरोध करावयाचा नाही. पण जीवाश्माचे ज्ञान झाल्यावर या नियमाला माझ्यापुरता आणखी एक आधार मिळाला आहे. या पाषाणात प्राण घालण्याचा अधिकार मला नाही, कारण प्राण येथे माझ्या आधी येऊन गेला आहे. माझ्या मंत्राने नव्हे, माझ्या जातीच्या जन्माच्याही कितीतरी आधी तो येथे वावरला आणि त्याने आपले रूप येथे ठेवले. आपल्या धर्मात मृताच्या अस्थी घरात ठेवीत नाहीत, त्यांच्या स्पर्शाने स्नान सांगितले आहे; आणि तरीही शंख ही प्राण्याची अस्थीच असून पवित्र कशी, हा प्रश्न आचार्यांनी शब्दप्रामाण्याच्या बळावर सोडविला. शाळिग्रामाच्या बाबतीत तर मृताचा केवळ मागोवा आपण सर्वोच्च स्थानी बसविला. यात विसंगती दिसली तर दिसो. जे जगले त्याला जगल्याबद्दल वंदन करावे, ही भावना तिच्या मुळाशी आहे, असे मी समजतो. आणि ज्या जीवाने आपल्याला कधी पाहिले नाही, ज्याच्याकडून काही मिळण्याजोगे नाही, त्याच्यापुढे नम्र होणे ही निष्काम पूजेची मला दिसलेली सर्वांत स्वच्छ तऱ्हा आहे.

शाळिग्रामाला स्त्रियांनी आणि अनुपनीतांनी स्पर्श करू नये, हा निर्बंध मात्र मला कधीच पटला नाही. माझ्या लहान भाचीने एकदा विचारले, "मामा, हा प्राणी मुलगा होता की मुलगी, हे तरी तुम्हांला माहीत आहे का?" ॲमोनाइटांच्या एकाच जातीत मोठे शंख आणि लहान शंख सापडतात आणि मोठे बहुधा माद्यांचे असावेत, असे अभ्यासक मानतात, एवढेच मला सांगता आले. तेव्हापासून आमच्याकडे पूजेचा वार ज्याचा असेल तो स्नान घालतो.

आता एक व्यवहाराची चिंता. वाडे गेले, मुले दूरदेशी गेली, आणि ज्यांच्या घरी पूजा करावयास कोणी उरले नाही अशी कुटुंबे जुने देव निर्माल्यासह खाडीच्या पुलावरून पाण्यात सोडतात. २०२२ साली ज्या खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला तिच्यात असे काही टाकणे अनुचित आहेच. पण शाळिग्रामाच्या बाबतीत ते धर्मालाही सोडून आहे, कारण त्याला विसर्जन सांगितलेलेच नाही. ओहोटीच्या वेळी दिवाळ्याच्या बाजूस काठावर उभे राहिले तर चिखलात तिसऱ्यांच्या आणि खुब्यांच्या रिकाम्या शिंपा उघड्या पडलेल्या दिसतात. पुढच्या भरतीला त्यांच्यावर गाळाचा आणखी एक पापुद्रा चढतो, आणि त्यांतल्या एखादीचा दगड होणे अशक्य नाही. त्या शिंपांच्या थरात हिमालयातला पंधरा कोटी वर्षांचा ॲमोनाइट जाऊन पडला, तर तो दुसऱ्यांदा पुरला जाईल आणि पुढे कधी कोणी तो थर वाचील त्याला खोटी साक्ष देईल. ज्यांना ठेवणे जमत नाही त्यांनी तो पूजा करणाऱ्या घरी द्यावा, मंदिरात द्यावा, किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाकडे सोपवावा. विद्यार्थ्याने त्याला हातात घेऊन भिंगाखाली त्याचे कंगोरे मोजावेत, यात मला काहीही अपवित्र दिसत नाही. शाळिग्रामाचे मोल घेऊ नये, हा जुना दंडक मात्र पाळावा.

आमच्या संपुष्टात मी एक चिठ्ठी घालून ठेवली आहे. तीत कुळाचार लिहिला आहे, नैवेद्य कोणता आणि तुळस कशी वाहावयाची ते लिहिले आहे. त्याखाली हा दगड काली गंडकीच्या खोऱ्यातला, टेथिस समुद्राच्या काळ्या चिखलात घडलेला, वय सुमारे पंधरा कोटी वर्षे, असा तपशील आहे. भाचीने मजकूर वाचून पाहिला आणि घरातील मुलींनीही याची पूजा केलेली आहे, ही नोंद राहून गेल्याचे दाखविले. ती मी कुळाचाराच्या पहिल्या कलमात घातली.